जिताड्याचं डोकं

भिवंडीला खाडी आहे असं आमच्या गावात सांगितलं तर लोक हसतात. भिवंडी म्हणजे लूम, भिवंडी म्हणजे कापड, एवढंच आम्हाला ठाऊक. मुलगी कुंदा तिकडे अंजूरला दिलेली असून मीसुद्धा तसंच समजत होतो. लग्नाला गेलो तेव्हा मांडवाच्या बाहेर पडलोच नव्हतो. यंदा वैशाखात चार दिवस राहून आलो, खाडीत उतरून आलो, आणि जे बघितलं त्यातलं अर्धं मला अजून कळलेलं नाही. गावात ज्याला त्याला तोंडी सांगून घसा बसला, आणि ऐकणारा प्रत्येक जण मधे आपलंच काहीतरी घुसडतो, म्हणून एकदाचं लिहून काढतो. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन ज्याला तपासायचं असेल त्यानं तपासावं.

जायचं कारण मासा नव्हता. कुंदाच्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चहा ओतायची तो कपाच्या बाहेर, आणि माणूस ओळखायची ते पावलाच्या आवाजावरून. अलिबागला ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिनं एकच धरून ठेवलं, की कुंदाला घेऊन या, ती जवळ असल्याशिवाय मी डोळा कापून घेणार नाही. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात कुंदा एकदाच माहेरी आली होती, तीही दोन रात्री. दोनदा निरोप धाडले, एकदा टेलिफोनच्या बूथवरून शेजाऱ्याकडे फोन केला. "बघू" एवढंच उत्तर. मग मी म्हटलं, आता मीच जातो, आणि घेतल्याशिवाय येत नाही.

अंजूरफाटा

भिवंडीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. हातात पिशवी, पिशवीत पोह्याचे पापड, सुकी करंदी आणि आंबोशी. रिक्षावाल्याला म्हटलं, "अंजूर." तो म्हणाला, "बैठो चाचा." मागे तिघं होते, मी चौथा, आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस अर्ध्या ढुंगणावर. आमच्याकडे टांग्यातसुद्धा एवढी माणसं बसवत नाहीत, घोडा बसतो खाली.

उतरवलं तिथं ट्रकांची रांग, रेल्वेचे रूळ, टायरवाल्यांची दुकानं. गावाचं चिन्ह कुठं नाही.

"गाव कुठाय?" मी विचारलं.

"येहीच तो है. अंजूरफाटा."

"मी अंजूर म्हटलं होतं."

"तो अंजूर गाव बोलने का ना चाचा," असं म्हणून तो गेला.

चहावाला आपला मराठी माणूस निघाला. तो म्हणाला, "आजोबा, अंजूर पार तिकडं राहिलं, खाडीकडं. सगळे नवीन लोक इथंच उतरतात."

"मग इथं फाट्याला अंजूरचं नाव कशाला?"

"ते मी आलो तेव्हापासून हाय," तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

आमच्याकडे फाट्यावर उतरलं की गावातल्या देवळाचा कळस दिसतो, म्हणून त्याला फाटा म्हणतात. इथं फाटा एकीकडं, गाव दुसरीकडं, आणि त्याचं कोणाला काही नाही. दुसरी रिक्षा केली. वाटेत पूर्णा गाव लागलं, मग भातशेतं, उन्हानं तडकलेली, आणि त्यात मधेच पत्र्याचं एक गोदाम. आमच्या शाळेच्या पाच शाळा मावतील एवढं. दारात खुर्ची टाकून एक वॉचमन झोपलेला. आत काय आहे म्हणून रिक्षावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, माल. कसला माल? म्हणाला, आएगा. एका नाल्यावरून गेलो, त्याचं पाणी निळं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच नाल्याचं पाणी लाल बघितलं. कापड रंगवायच्या कारखान्याचं ते पाणी, असं मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र मी डोळे चोळले. म्हटलं, बायकोचं दुखणं मला लागलं की काय.

अंजूर

कुंदा दारातच होती. मला वाटलं होतं, धावत येईल, गळ्यात पडेल. ती म्हणाली, "बाबा, चपला बाहेर नको, आत काढा, कुत्रं नेतं." आणि आत जाऊन दिराला सांगितलं, "दूध आण, आणि उधारीवर आणू नको." दीर मुकाट्यानं गेला. हा रिक्षा चालवतो. मला स्टँडवरून आणायला त्याला का पाठवलं नाही, ते विचारायचं राहूनच गेलं.

आमच्या घरात ही पोरगी मोठ्यानं बोलायची नाही. इथं कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. सासरा विडी पेटवायला लागला तर ती नुसतं त्याच्याकडे बघते, आणि तो विडी कानावर ठेवतो. हा सासरा म्हणजे माझा व्याही, धर्माजी. तिकडे व्याह्याला इवाय म्हणतात. माझ्याच वयाचा, अंगानं काटक, बोलतो कमी, आणि जे बोलतो ते शेवटचं असल्यासारखं बोलतो. त्याची बायको कुंदाच्या लग्नानंतर वर्षातच गेली. घरात तो, जावई रमेश, रमेशचा धाकटा भाऊ, आणि कुंदा.

रमेश रात्रीच्या शिफ्टला जायच्या आधी आम्ही जेवायला बसलो, तेव्हा मी विषय काढला. ऑपरेशनचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. म्हटलं, "महिनाभर पाठवा."

धर्माजी भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडं जिताडा कसा हाय यंदा?"

मला कळेना हे काय उत्तर झालं. पण जिताड्याचं नाव काढल्यावर मी गप्प बसणारा नाही. ज्यांनी हा मासा खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चांदीच्या रंगाचा, जाड खवल्याचा, हातभर लांब, खाऱ्या पाण्यात राहतो तसा गोड्यातही राहतो. दिवसा झाडांच्या मुळांत दडून बसतो. उन्हाळ्यात रात्री, पाणी फिरून भरती लागली की भुकेला बाहेर पडतो आणि जिवंत कोळंबीवर झडप घालतो. मी म्हटलं, "आमच्याकडच्या जिताड्याला तोड नाही. समुद्राचं ताजं पाणी. तुमच्या खाडीत निळं पाणी येतं, मी येताना बघितलं."

"निळा न्हाय लागत गळाला. पांढराच लागतो."

"लागतो तरी का?"

"उद्या चला. बगू कोनाला लागतो."

"चला की."

तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या गळाला लागला तर सून तुमच्याबरोबर. माज्या गळाला लागला तर पाऊस सरंपरंत नाव काढायचं न्हाय."

मी म्हटलं, "ठरलं." कसं म्हटलं ते माझं मला कळलं नाही. घरी बायको वाट बघतेय आणि मी मुलगी पैजेवर लावून बसलो. पण माझ्या तोंडावर माझ्या जिताड्याला कोणी कमी म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, हे होणार नव्हतं.

कुंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "आणि कोणालाच नाही लागला तर?"

याचा विचार दोघांनीही केला नव्हता. धर्माजी म्हणाला, "लागंल." मीही म्हटलं, "लागेल." ती आत गेली. तिला यायचं आहे की नाही, हे तिच्या तोंडावरून मला कळेना. रात्री एकटी असताना विचारलंसुद्धा, "तुला यायचंय ना?" तर म्हणाली, "माझं कोणी विचारलंय का?" मी म्हटलं, "मी विचारतोय ना आता." ती म्हणाली, "आता नाही. आधी विचारायचं होतं." आणि अंथरूण घातलं.

अजून एक रीत इथं सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. आमच्याकडे जिताड्याचं डोकं पाहुण्याच्या ताटात जातं, आणि जावई असला तर जावयाच्या. अंजूरला तसं नाही. तिथं ज्याच्या गळाला लागला त्याच्या ताटात डोकं. मग घरात कोणी का पाहुणा असेना. धर्माजीनं हे मला त्याच जेवणात मुद्दाम सांगितलं. मी म्हटलं, ही कसली रीत, पाहुण्यासमोर आपणच डोकं खायचं. तो म्हणाला, "पावन्यानं पकडावा."

कारखाना

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदानं मला रमेशचा डबा घेऊन पाठवलं. त्याची डबल ड्युटी होती, रात्रीची शिफ्ट संपून दिवसाची लागली होती. कारखाना म्हणजे एक लांब खोली, तिच्यात लूम दाटीवाटीनं लावलेले, आणि आवाज असा की माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. तिथले लोक बोलतच नाहीत. ओठ हलवतात आणि हातानं खुणा करतात, समोरच्याला सगळं कळतं. एका बिहारी माणसानं माझ्याकडे बघून दाढीवरून हात फिरवला, रमेशकडे बोट दाखवलं, आणि पाच जण हसले. काय म्हणाला ते मला आजपर्यंत माहीत नाही.

रमेश मला बाहेर टपरीवर घेऊन आला. पोरगा चांगला आहे, पण बाहेर आला तरी ओरडूनच बोलतो.

"बाबा, जिताडा पहिला नर असतो, माहीत हाय का?"

"पहिला म्हणजे?"

"लहान असतो तवा सगळे नर. मोठा झाला का त्याचीच मादी होते. पेपरात आलं होतं."

"कोणत्या पेपरात?"

"भजी बांधून आली होती त्या."

मी आयुष्य जिताडा खाण्यात घालवलं. म्हटलं, "जावईबापू, झोप काढा. दोन-दोन शिफ्ट करू नका." तो हसला. मग जरा हळू बोलला, म्हणजे तुमच्या-माझ्या नेहमीच्या आवाजात. "आमच्या बाबांना हरू देऊ नका आणि जिंकूही देऊ नका."

"मग काय करू?"

"ते मला ठाऊक असतं तर मीच गेलो असतो ना," तो म्हणाला आणि आत गेला.

खाडी

त्या दिवशी प्रतिपदा होती, अमावस्येच्या दुसऱ्या दिवसाची, उधाणाची. भरतीचा हिशेब आमच्याकडे शेंबडं पोर करतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण वाजता. म्हणजे सुकती, ओहोटी हो, संपून पाणी फिरणार संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमाराला. जिताडा धरायचा तर पाणी फिरायच्या आधी जागेवर पोचलं पाहिजे. मी धर्माजीला म्हटलं, दिवस मावळायच्या आत होडी लावू.

"आमचं पानी उशिरा येतं, इवाय."

"पाणी उशिरा येतं म्हणजे? चंद्र एकच आहे ना? की अंजूरला वेगळा?"

तो मग म्हणाला, "बरं. तुमी म्हंताव तसं."

कुंदानं दुपारीच खाडीवरच्या बायकांकडून जिवंत कोळंबी आणून डब्यात ठेवली होती. दोघांनाही सारखी, मोजून. गळ धर्माजीच्या डब्यातले, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, एकाच रिळाचं. माझा गळ मी गावाहून आणला नव्हता, मासे मारायला कुठं निघालो होतो मी.

खाडी मात्र बघण्यासारखी आहे, हे मान्य केलं पाहिजे. दोन्ही काठांना तिवरांची दाट झाडं, बगळे परतत होते, पलीकडच्या काठावर ठाण्याकडचे दिवे लागायला लागले होते. वारा पडला होता, पण पाण्यावर गारवा. आम्ही एका वळणावर, तिवरांच्या मुळांशी होडी नेली. दोघांनी गळ टाकले, मी डाव्या अंगाला, तो उजव्या. मी म्हटलं, "आता फिरेल."

पाणी फिरेना. मावळलं, अंधारलं, तरी पाणी आपलं समुद्राकडंच चाललेलं. मी कोळंबीचं एक साल टाकून बघितलं, ते सरळ बाहेर निघून गेलं. परत टाकलं, परत गेलं. मला वाटलं तिथी चुकली. मनात पुन्हा मोजलं. अमावस्या कालच होती, मी स्वतः गाडीतल्या माणसाला विचारलं होतं. पाणी उतरत उतरत गेलं आणि होडीनं बूड टेकलं. चिखलात बसली. एक पाय बाहेर टाकून बघितला तो मांडीपर्यंत गेला, आणि काढताना लंगोट तेवढा वाचला.

धर्माजीनं कानावरची विडी काढून पेटवली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सांगितलं व्हतं मी."

"एकदाच सांगितलं."

"दोनदा सांगून तुमी ऐकलं असतं?"

 मी म्हटलं, "हिशेब माझा बरोबर आहे. खाडीच चुकीची आहे." तो हसला. त्याला मी पहिल्यांदा हसताना बघितलं, म्हणजे विडीचं टोक हललं तेवढंच. मग त्यानं सांगितलं, पाणी वसईकडनं शिरतं, इतकी वळणं घेत वर यायला त्याला वेळ लागतो. समुद्रावर भरती लागली तरी इथं अजून सुकतीच चालू असते. समुद्रात पाणी आत येतंय आणि इथं बाहेर चाललंय, एकाच वेळी. हे मला त्या अंधारात चिखलात बसून समजून घ्यायचं होतं. मी मान हलवली. खरं सांगायचं तर आजही कागदावर खाडी काढून बघतो तेव्हाच कळतं, कागद उचलला की जातं.

करायला काही नव्हतं. दोन म्हातारे, एक होडी, खाली चिखल. मग त्यालाच काय वाटलं, तो बोलायला लागला.

"सून गेली तर चूल पेटंल. मी भात करतो, धाकटा कालवन करतो. त्येचं काय न्हाय."

"मग?"

"बायको गेली तवा आमी तिघं बापलेक, आनि सून नवी. एकमेकांशी बोलायचा विषयच न्हाय. रमेश येतो, जेवतो, झोपतो. धाकटा येतो, जेवतो, जातो. मी भितीकडं बघतो. आठ-आठ दिस कोन बोलला न्हाय. भांडन न्हाय कायच न्हाय. नुस्तं बंद." विडीचा झुरका घेतला. "तुमच्या पोरीनं शिव्या घालून घालून बोलतं केलं आमाला. आता ती दोन दिस न्हाय म्हनली तरी मला भ्या वाटतं. पुन्ना बंद पडंल म्हनून."

 मी त्याला कुंदाच्या आईचं सांगितलं. चहाचं सांगितलं. गेल्या महिन्यात तिनं मला शेजारचा समजून "हे घरात नाहीत" असं सांगितलं होतं, मी पावलं न वाजवता आलो म्हणून. तेव्हापासून मी घरात शिरताना मुद्दाम चपला घासतो. हे मी गावात कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्याला का सांगितलं, माहीत नाही. अंधार होता, आणि उतरून जायला जागा नव्हती.

मग पाणी आलं. आमच्याकडे भरती चढते तसं नाही, इथं ते एकदम आलं, वळणावरून सळसळत, फेसाची एक रेघ पुढं घेऊन. होडी हलली, उचलली गेली, आणि गरकन फिरली. माझी डावी बाजू उजवीकडं गेली. गळ कुठल्या कुठं गेले. आणि त्याच क्षणी माझ्या बोटाला हिसका बसला.

"लागला," मी म्हटलं.

"माज्या," धर्माजी म्हणाला. त्याच्याही हाताला हिसका होता.

दोघंही ओढायला लागलो. माझी दोरी ओढली की त्याची जाते, त्याची ओढली की माझी. होडीखाली दोन्ही दोऱ्या एकमेकींत अडकल्या होत्या. तेवढ्यात जिताडा पाण्याच्या वर आला, डोकं झाडलं, कल्ल्यांचा खडखड आवाज झाला. धर्माजीनं बॅटरीचा झोत टाकला तर त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल. जिताड्याचा कल्ला विळीसारखा धारदार असतो. झाडताना एक तंगूस तुटलं, कोणाचं ते कळलं नाही. दुसऱ्याचा विळखा कल्ल्यामागं पडलेला, त्यानंच तो राहिला. म्हणजे गळाला लागला एकाच्या, आणि आला दुसऱ्याच्या दोरीवर. तो गुंता आम्ही चार हातांनी धरला आणि मासा होडीत घेतला. माझा हात कापला, त्याचाही कापला.

"माझा," मी म्हटलं.

"माजा," तो म्हणाला.

मग दोघंही खाली बसलो, धापा टाकत. मासा आमच्या मधे तडफडत होता. येताना होडी त्यानं वल्हवली. बोललं कोणीच नाही. पण ते बंद नव्हतं.

ताट

सकाळी उठलो तर मासा मोरीत, आणि दोऱ्यांचा गुंता ओटीवर तसाच पडलेला. तो सोडवायला बसलो असतो तर कोणाचं तंगूस तुटलं ते घटकाभरात कळलं असतं. मी ओटीवर बसून चहा घेतला. धर्माजीनं गुंत्याच्या पलीकडं बसून चहा घेतला. हात कोणी लावला नाही.

रमेश उठून बाहेर आला, मासा बघितला, म्हणाला, "कोणाचा?"

"तुझ्या बाबांचा," मी म्हटलं.

"न्हाय. इवायांचा हाय," धर्माजी म्हणाला.

"असं कसं, हिसका पहिला तुम्हाला बसला."

"तुमीच पयले बोल्लाव, लागला म्हनून."

"बोलणं वेगळं, लागणं वेगळं."

"मी खोटं बोलतो का मग?"

आवाज चढले. आदल्या रात्री जो मासा माझा म्हणून मी भांडलो, तोच माझा नाही म्हणून सकाळी भांडत होतो. आणि तोही. रमेश कधी माझ्याकडे बघे, कधी बापाकडे. मी असा का वागत होतो, हे मला कोणी विचारू नये. माझा जिताडा, माझी पैज, माझी मुलगी, सगळं माझ्या बाजूनं करता येत होतं. पण तो चिखलातला माणूस समोर बसलेला असताना तोंडातून निघेना.

कुंदा विळी घेऊन आली. गुंता उचलला, विळीवर धरला, कचाकच कापला आणि केरात टाकला. "झालं," ती म्हणाली. "आता कोणाचा ते देवालासुद्धा कळायचं नाही. उठा दोघं, आंघोळी करा. चिखलाचा वास येतोय."

तिनं तो मासा कैरी घालून केला, अंजूरच्या पद्धतीचा, दाट. आमच्याकडे कोकम पडतं. वास सुटला तेव्हाच मला कळलं की बरा झालाय, पण मी ते बोललो नाही. दुपारी चार ताटं मांडली. धर्माजी, मी, रमेश, धाकटा. भांडं मधे ठेवलं, आणि डोकं त्यात वर तरंगत होतं. चौघांच्या नजरा तिथंच. माझ्या ताटात पडलं तर आमच्या रीतीनं मी पाहुणा, त्यांच्या रीतीनं मी जिंकलो. धर्माजीच्या ताटात पडलं तर पाऊस सरेपर्यंत कुंदा नाही, आणि तिकडं तिच्या आईचा डोळा. रमेशच्या ताटात पडलं तर जावई म्हणून पडलं असं मी म्हणालो असतो, पण त्याचा अर्थ काय काढायचा, ते मला सुचत नव्हतं.

कुंदानं सगळ्यांना तुकडे वाढले. भात वाढला. मग आत गेली आणि पाचवं ताट घेऊन आली. आमच्याही घरात आणि त्यांच्याही घरात बाई मागून जेवते. ती आमच्या समोर पाटावर बसली, पळीनं डोकं उचललं आणि स्वतःच्या ताटात घेतलं.

 धाकट्याचा घास हातात राहिला.

"गळ तुमचे," ती म्हणाली. "कोळंबी मी आणली, गुंता मी कापला, मासा मी केला. बघताय काय, जेवा."

तिनं डोळ्याजवळचं मांस बोटानं काढून खाल्लं, नीट, घाई न करता. मग म्हणाली, "उद्या अक्षय्य तृतीया. चांगला दिवस आहे, मी बाबांबरोबर निघते. आईचा डोळा उघडला, तिनं माझं तोंड बघितलं की मग येते. आणि मामा," ती सासऱ्याकडे वळून म्हणाली, "मला न्यायला तुम्ही यायचं. रमेशला पाठवायचं नाही, धाकट्याला पाठवायचं नाही. तुम्ही स्वतः." मग रमेशकडे आणि धाकट्याकडे बघितलं. "आणि तोवर जेवताना रोज एकेकानं काहीतरी बोलायचं. काहीही. नाही बोललात तर मला बूथवरून कळेल."

धर्माजीनं भात कालवला. खाली बघूनच मला विचारलं, "तुमच्याकडं पानी कवा येतं म्हनालाव?"

"तिथीची पाऊणपट."

"बरं," तो म्हणाला. "तसा येईन मी."

घरी

कुंदाच्या आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी होती तोवर कुंदा तिच्या उशाशी. पट्टी बांधलेली असतानाच मी तिला हे सगळं सांगितलं, फाट्यापासून चिखलापर्यंत. रमेशचं ते नर-मादीचंही सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "डोकं कोणाच्या ताटात गेलं?"

मी म्हटलं, "तुझ्या लेकीच्या. सगळ्या पुरुषांसमोर. ही रीत आमची नाही, त्यांचीही नाही. कुठली ते मला कळत नाही."

ती पट्टीखाली हसली. म्हणाली, "मग बरोबर."

काय बरोबर, ते तिनं सांगितलं नाही. कुंदालाही विचारलं, तीही सांगत नाही. दोघी एकमेकींकडे तोंड करून गप्प बसतात आणि मी आत गेलो की हसतात. चपला मात्र मी अजून घासूनच शिरतो.